सहा बोटे पाणी

सन १९४२ च्या पोळ्यानंतरच्या आठ दिवसांत सिमरखेड्याच्या अंबादासच्या बंधीतले पाणी सहा बोटे उतरले. त्या आठ दिवसांत पाऊस नव्हता. गावातल्या बाकीच्या बंध्यांतले पाणी उन्हावाऱ्याने दोन बोटे उतरले. अंबादासच्या खालच्या अंगाला लागून असलेल्या पुंडलिकच्या बंधीतले पाणी मात्र होते तिथेच राहिले. अंबादासच्या बंधीतले पाणी सोडायच्या मोरीचे तोंड चिखलाने लिंपलेले होते आणि त्या चिखलावर त्याने उमटवलेला पंजा जसाच्या तसा होता. बांध कोठेही फुटलेला नव्हता.

जबलपूरच्या पश्चिमेच्या काळ्या जमिनीत गव्हाची रीत अशी आहे. शेताला चहूबाजूंनी कमरेएवढा बांध घालायचा, आषाढापासून पडेल ते पाणी कोंडून ठेवायचे आणि आश्विनात मोरी फोडून ते सोडून द्यायचे. अशा शेताला बंधी म्हणतात. तीन महिने पाण्याखाली राहिलेल्या मातीत तण कुजून जाते आणि नांगर न लावता पेरणी होते. पाणी महिनाभर आधी गेले तर कासगवत माजते, माती भेगाळते आणि पेरलेल्या गव्हातला निम्मा उगवत नाही. अंबादासकडे जमीन एवढीच होती: अडीच एकर, एक बंधी.

अंबादास आणि पुंडलिक यांचे आजोबा एकाच बैलगाडीतून दूर मराठी मुलखातल्या आर्वीकडून आले होते. सिमरखेड्यात मराठी बोलणारी घरे दोनच, आणि दोन्ही घरांच्या बंध्या एकमेकींना लागून, मध्ये तीनशे पावलांचा एक सामाईक बांध. वरची अंबादासची, खालची, दुप्पट मोठी, पुंडलिकची. गावाचे मालगुजार, म्हणजे जमीनदार, भय्यासाहेब हेही मराठीच. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत आले होते. पण ते जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यात राहत, आणि त्यांची मराठी वेगळी होती. घराबाहेर पडल्यावर आपल्या भाषेत शिवी द्यायला अंबादासला पुंडलिक होता आणि पुंडलिकला अंबादास.

राजकारण त्यांच्यात पहिल्यापासून होते. अंबादास काँग्रेसचा. १९३० च्या जंगल सत्याग्रहात सरकारी रानातले गवत कापले म्हणून त्याला सहा महिन्यांची कैद झाली. ते नेमके पेरणीचे दिवस. त्या वर्षी अंबादासची बंधी पुंडलिकने पेरली, राखली, कापली आणि सुटून आलेल्या अंबादासला कणगी दाखवून तो म्हणाला, "तुह्या गांधीबाबाले सांग बापा, पुढच्या बारीले पेरणी उरकल्यावर बोलाव." पुंडलिकचे मत साधे होते. सरकार म्हणजे पावसासारखे. येते तेव्हा बांध नीट ठेवावा, त्याच्याशी भांडू नये. त्रिपुरीला काँग्रेस भरली तेव्हा अंबादास आठ दिवस स्वयंसेवक म्हणून पाणी वाहत होता. पुंडलिक एक दिवस गर्दी पाहायला गेला आणि अंबादासच्या हातचे पाणी पिऊन म्हणाला, की स्वराज्य गोड आहे, फक्त जरा गढूळ आहे. दोघे कितीतरी दिवस त्यावर हसले.

पुढे युद्ध सुरू झाले आणि पुंडलिकचा एकुलता मुलगा शालिग्राम पलटणीत भरती झाला. अंबादासने त्याला दोनदा अडवले. दुसऱ्यांदा त्याने पुंडलिकला सुनावले, की पोराला तू परक्यासाठी विकलेस. पुंडलिक तेव्हाही हसला असता तर पुढचे सोपे झाले असते, पण तो हसला नाही. शालिग्राम सिंगापूरला गेला. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, आणि त्यानंतर त्याचे पत्र आले नाही. जबलपूरच्या कचेरीत एका कारकुनाने पुंडलिकला सांगितले, की जिवंत असो वा नसो, जी काही खबर असेल ती तारेने येईल. तार तीन कोसांवरच्या स्टेशनात येई. पुंडलिक दर बाजाराच्या दिवशी तिथे जाऊन विचारून येई.

ऑगस्टच्या तेरा तारखेला सिमरखेडा आणि आजूबाजूच्या गावांतल्या वीसेक माणसांनी त्या स्टेशनाजवळ दोन खांबांवरची तार कापून टाकली. खांबावर चढून तार कापणाऱ्यांत अंबादास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिक त्याच्या गोठ्यात आला. अंबादास बैलाच्या खांद्याला आलेल्या गळवावर हळद लावत होता.

"तार तू कापली का?"

"गावानं कापली."

"गावाले नाही विचारून राहिलो मी. तुले विचारून राहिलो."

"हो. मी चढलो होतो खांबावर."

पुंडलिकने दावणीचा खुंटा धरला. "सहा महिन्यांपासून मी कशाची वाट पाहून राहिलो, तुले माहीत हाय."

"माहीत हाय. पण एका पोराच्या खबरीसाठी सारा मुलूख बांधून ठेवायचा का, पुंडलिक?"

"एका पोराच्या," पुंडलिक म्हणाला. मग म्हणाला, "तुह्या खांद्यावर बसून पोळा पाह्यला त्यानं. 'एक पोरगा' म्हन्तोस तू त्याले."

अंबादासला उत्तर सुचले होते. खबर थांबवली ती इंग्रजाच्या फौजेची, शालिग्रामची नव्हे, आणि मुळात पोरगा तिथे कोणामुळे गेला, असे ते उत्तर होते. ते त्याने दिले नाही, कारण पुंडलिक निघून गेला होता. तार चार दिवसांत जोडली गेली. त्या चार दिवसांत शालिग्रामची तार निघाली होती की नाही, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

पोलीस आले. त्यांनी चावडीपुढे माणसे उन्हात उकिडवी बसवली आणि तिघांना वेताने मारले. हवालदाराला कोणीतरी सांगितले होते, की ज्याचा मुलगा फौजेत आहे तो खरे बोलेल. त्याने पुंडलिकला खुर्ची दिली आणि नावे विचारली. पुंडलिक खुर्चीवर न बसता म्हणाला, की त्या दिवशी तो तापाने पडून होता. अंबादास दहा हातांवर उकिडवा होता. पुंडलिकला ताप नव्हता, हे त्याला माहीत होते. त्याला कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटले ते दुसरेच: आपली सहा महिन्यांची की सहा वर्षांची कैद आता या माणसाच्या जिभेवर आहे, आणि तो ती उपकारासारखी धरून आहे.

नागपंचमीला जमीन खणत नाहीत. म्हणून तिच्या दुसऱ्या दिवशी सिमरखेड्यात बांध तुडवतात. काळ्या मातीच्या बांधात खेकडे बिळे करतात, आणि पाणी भरल्यावर ती डोळ्यांना दिसत नाहीत. ती शोधायला माणसे दोन लागतात. एकाने वरच्या बंधीत उतरून, बांधाच्या बुडाशी पाय रगडत, गाळ ढवळत चालायचे. दुसऱ्याने बांधाच्या पलीकडे, खालच्या बंधीत, त्याच्या बरोबरीने पाण्याकडे पाहत चालायचे. खालच्या नितळ पाण्यात गढूळ धूर उठला की तिथे बीळ. पलीकडच्याने हाक मारायची, वरच्याने तिथे टाच रोवायची आणि चिखलाचे गोळे वरून ठासायचे. तेवीस वर्षे अंबादास वर आणि पुंडलिक खाली, असे ते चालत आले होते. दरवर्षी दोन-तीन बिळे सापडत, आणि पुंडलिक प्रत्येक खेकड्याला गावातल्या कोणाचे तरी नाव देई.

त्या वर्षी अंबादास एकटाच उतरला. पाणी मांड्यांपर्यंत होते, आभाळ भरलेले होते, पण पाऊस नव्हता. त्याने प्रत्येक पाऊल दोनदा दाबले. पलीकडे पाहायला कोणी नसल्यामुळे बीळ कुठे आहे हे कळणार नव्हते. तेव्हा सारा बांधच घट्ट तुडवला म्हणजे असेल ते बीळ आपोआप दबेल, असा त्याने विचार केला. बांधाच्या मध्यावरच्या उंबरापाशी आला तेव्हा त्याला पुंडलिक दिसला. पुंडलिक बांधाच्या खालच्या उतारावर विळ्याने गवत कापत होता. अंतर दहा-बारा पावलांचे असेल. अंबादास जवळ आला तसा तो एकदा सरळ झाला. अंबादासला वाटले, आता बोलेल. त्याने स्वतःही काही शब्द तयार ठेवले. पुंडलिक पुन्हा वाकला आणि गवत कापू लागला. अंबादासने उरलेला बांध तुडवला, घरी जाऊन कढत पाण्याने पाय शेकले आणि बायकोला, नर्मदेला, सांगितले की बांध झाला.

पोळ्याला पुंडलिकचे बैल दरवर्षी आधी अंबादासच्या दारात येत, मग आपल्या. नर्मदेने पुरणाचा घास आणि आरतीचे ताट तयार ठेवले होते. बैल रस्त्याच्या पलीकडच्या कडेने गेले. पुंडलिकने त्यांचे दोर आखडून धरले होते, कारण बैलांना सवयीने वळायचे होते. पुंडलिकची बायको अंजनी मागून चालत होती. ती नर्मदेकडे पाहत गेली. नर्मदेने ते घास आपल्याच बैलांना दिले. त्यांनी ते खाल्ले.

त्यानंतरचे आठ दिवस आणि सहा बोटे वर सांगितलीच आहेत. अंबादासने बंधीत एक खुंटी रोवली होती, तिच्यावर बोटाच्या रुंदीच्या खुणा होत्या. तो सकाळ-संध्याकाळ खुंटी पाही आणि गावातल्या इतरांच्या बंध्या पाहून येई. मोरीवरचा पंजा तो आपला हात ठेवून ताडून पाही. आपल्या बाजूने त्याने बांधाचे बूड पुन्हा एकदा चाचपले. गवताच्या मुळांत आणि गाळात हाताला काही लागले नाही. एकाचे पाणी जास्त उतरते आणि खालच्याचे मुळीच उतरत नाही, तेव्हा वरचे खाली जात आहे, हा निष्कर्ष बरोबर होता. त्यापुढचे पाऊल अंबादासने स्वतःच्या मनाने टाकले. पोलिसाला नाव न सांगणारा माणूस सूड घेणार नाही असे थोडेच आहे? नाव सांगितले असते तर गावाने त्याला वाळीत टाकले असते. पाण्याला जीभ नसते.

महिनाअखेर भय्यासाहेब टांग्यातून गावात आले. चावडीच्या ओट्यावर त्यांच्यासाठी सतरंजी टाकली होती. अंबादासने आपले म्हणणे मांडले. भय्यासाहेबांनी विचारले, की मोरी बंद, पंजा शाबूत, बांध अभंग. मग पाणी सोडले तरी कसे?

"कसं ते मले नाही माहीत. कोनी ते माहीत हाय."

"हे बघ अंबादास," भय्यासाहेब म्हणाले, "सध्याच्या दिवसांत मला माझ्या गावात तारेचं भांडण नको आहे. पाण्याचं असेल तर बोल."

"पाण्याचंच हाय, जी." मग अंबादास पुंडलिककडे वळला आणि साऱ्या चावडीदेखत हिंदीत बोलला. "पुंडलिकजी, पानी आपने छोड़ा है. आप कबूल कर लीजिए."

पन्नास वर्षांत या दोन घरांत कोणी कोणाला 'आप' म्हटले नव्हते. ओट्याखाली एक-दोघे हसले. त्यांना गंमत वाटली. पुंडलिकचे कान लाल झाले. तो बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. आपण असे काही केले नाही, असे तो म्हणेल म्हणून सारे थांबले होते.

"किती बोटं गेलं?" त्याने मराठीत विचारले.

"छह उंगल," अंबादास म्हणाला. "अब तो आठ."

"चलो. मी भरून देतो."

गावाने याला कबुली धरले. अंबादासनेही धरले. भय्यासाहेबांना उन्हाआधी परतायचे होते. त्यांनी निवाडा झाला म्हणून सतरंजी उचलायला सांगितली.

दुसऱ्या दिवसापासून पुंडलिक आणि अंजनी आपल्या बंधीतले पाणी वर चढवू लागली. शेणाने सारवलेल्या घट्ट टोपलीला दोन्ही बाजूंनी दोर बांधायचे, दोघांनी समोरासमोर उभे राहून ती खाली झोकायची, भरली की झटक्याने वर नेऊन बांधापलीकडे उलटी करायची. जवान माणसांचे काम आहे ते. पुंडलिक पन्नाशीला आलेला, अंजनी किडमिडीत. टोपली मिनिटाला वीस-बावीस वेळा वर यायची. दुपारपर्यंत पंधरावर यायची. अंजनीच्या तळहातांना पहिल्या दिवशी फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले, तिसऱ्या दिवशी तिने हातांना लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या. मध्ये ती बांधावर आडवी होई आणि पुंडलिक तिच्या उठण्याची वाट पाहत दोर हातात घेऊन उभा राही.

अंबादास खुंटी पाहत होता. दिवसभराच्या उपशाने पाणी दीड-दोन जव, म्हणजे पाव बोटभर, चढे. सकाळी ते पुन्हा पहिल्या ठिकाणी असे.

"दिवसा दाखवाले भरते," तो नर्मदेला म्हणाला, "अन् मागून सोडते."

"तुम्ही पाह्यलं सोडताना?"

"पाहाले कशाले पाहिजे? खुंटी सांगते."

"खुंटी पानी गेलं म्हन्ते. तो सोडते असं खुंटी कुठी म्हन्ते?" नर्मदा म्हणाली. "अंजनीचे हात पाहा जाऊन. सोडणाऱ्याची बायको असं मरत नाही."

चौथ्या दिवशी नर्मदा भाकरी आणि हळद-तेल घेऊन बांधावर गेली. अंजनीने तेल घेतले, भाकरी घेतली नाही. पुंडलिकने वर पाहिले नाही. नर्मदेने दोर हाती घेऊन काही वेळ टोपली ओढली. अंबादासने ते लांबून पाहिले आणि तो घरी येऊन बसला. एका हाकेच्या अंतरावर चाललेले ते पाणी पडण्याचे आवाज त्याला ऐकू येत होते. उठून जावे आणि दोर पकडावा असे त्याला दोनदा वाटले. दोन्ही वेळा त्याला असेही वाटले, की आपण गेलो तर चावडीत बोललेले परत घ्यावे लागेल, आणि खुंटी तर खोटे बोलत नाही.

सहाव्या दिवशी पुंडलिक हिवाने पडला. टोपली बांधावर तशीच राहिली.

आश्विन उजाडेपर्यंत अंबादासची निम्मी बंधी उघडी पडली. वरच्या कडेने कास आला. त्याने आणि नर्मदेने तो कुदळीने खणला. मुळे हातभर खोल होती. पेरणी केली. उंचवट्यावर गहू उगवलाच नाही, खाली विरळ आला. पुंडलिकच्या बंधीत तो छातीला लागला. माघात दोन शेते एका बांधावरून दिसत, आणि जाणारा-येणारा थांबून पाही. त्या पाहण्याने अंबादासची खात्री पक्की होत गेली. पुंडलिकने मात्र आपल्या पिकाकडे पाहायचे सोडले होते. कापणीला त्याने मजूर लावले.

चैत्रात त्याने भय्यासाहेबांकडे जमिनीचा राजीनामा दिला. जबलपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात माणसे घेत होते. गाडी भरली ती सकाळी. अंबादास गोठ्यात होता. गाडी दाराजवळ आली तेव्हा चाकांचा आवाज मंदावला, अगदी थांबल्यासारखा झाला. मग पुन्हा सुरू झाला. नर्मदा दारात गेली होती. ती परत आली आणि चुलीपुढे बसून राहिली. त्या दिवशी तिने स्वयंपाक उशिरा केला. तेव्हापासून अंबादास गावात घराबाहेर मराठी बोलला नाही. बोलायला कोणी नव्हते.

खालची बंधी श्यामसुंदर नावाच्या पटेलाला मिळाली. वैशाखात बांधांची डागडुजी होते. माती दगडासारखी असते, पण मजूर मोकळे असतात. श्यामसुंदरने सुचवले, की सामाईक बांध मध्यावर खचल्यासारखा वाटतो, तो खोदून नव्याने चढवू. अंबादासने वरून कुदळ घातली. हातभर खाली गेल्यावर कुदळ पोकळीत शिरली.

त्याने माती हाताने काढली. मनगटाएवढे बीळ होते. वरच्या बंधीच्या तळाशी, गवताच्या गड्ड्याआड त्याचे तोंड होते. ते तिरके उतरत खालच्या बंधीच्या बुडाशी, पाण्याच्या पातळीच्या बरेच खाली, उघडत होते. म्हणजे पाणी भरलेले असताना दोन्ही तोंडे पाण्यात बुडालेली. आतल्या भिंती वाहत्या पाण्याने गुळगुळीत झाल्या होत्या. खालच्या तोंडापुढे बारीक गाळ सुपासारखा पसरून वाळला होता. बिळाच्या एका कोनाड्यात खेकड्याची रिकामी पाठ होती.

"केकड़ा," श्यामसुंदर म्हणाला. "भैया, इसी से गया होगा आपका पानी."

अंबादासने मान हलवली. तो बांधावर बसला. मोरीवरचा पंजा, न हललेले खालचे पाणी, दिवसा चढणारे आणि सकाळी उतरलेले दोन जव, सारे या बिळात बसत होते. पुंडलिकची यात गरज नव्हती. पाच दिवस त्या दोघांनी फुटक्या भांड्यात पाणी भरले होते, आणि आपण खुंटी पाहत बसलो होतो.

दोन दिवसांनी तो जबलपूरला गेला. सात कोस चालून दुपारी तिथल्या चेरीताल वस्तीत पोचला. पुंडलिकची खोली एका कौलारू चाळीत होती. दारात अंजनी तांदूळ निवडत होती. तिने पदर सावरला.

"गावात काही टपाल आलं का, भाऊजी?"

"नाही, वैनी."

ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या व गूळ घेऊन आली. पुंडलिक रात्रपाळीवरून येऊन झोपला होता. उठून भिंतीला टेकून बसला. तो वाळला होता. बोटांच्या टोकांना कारखान्यातला पिवळा रंग चढला होता, धुऊन न जाणारा. अंबादासच्या अंगावर खादी होती. दोघांनीही एकमेकांच्या त्या गोष्टी पाहिल्या.

अंबादास मराठीत बोलू लागला तेव्हा त्याला पहिले शब्द जड गेले. "खेकड होता, पुंडलिक. बांध खोदला परवा. मनगटाएवढं बीळ निघालं. त्याच्यातून गेलं पानी. तू काही केलं नव्हतं." तो थांबला. "मी चावडीत बोललो ते... माझी चूक झाली. चल गावाले. भय्यासाहेबाईले मी सांग्तो."

पुंडलिक गुळाच्या खड्याकडे पाहत होता.

"उंबरापासून सात पावलं खाली," तो म्हणाला. "मधात."

अंबादासने बीळ कुठे निघाले ते अजून सांगितले नव्हते. "तुले कसं माहीत?"

"मी पाह्यलं होतं."

अंजनी तांदळाचे सूप घेऊन बाहेर जाऊन बसली. तिला हे माहीत होते असे दिसले.

"नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी," पुंडलिक म्हणाला. "तू तुडवत तुडवत आला, अन् माझ्या पान्यात गढूळ उठलं. मी तिथंच होतो, विळा घेऊन. सवयीनं उभा राह्यलो. हाक माराले तोंड उघडलं होतं मी, अंबादास. मंग म्हटलं, याची बी एक खबर अडू दे."

बाहेर सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज आला आणि थांबला.

"मंग पाच दिवस भरत काहून होता?"

"सांगाची लाज वाटे. भरणं सोपं होतं त्याच्यापेक्षा."

"बुजवून टाकाचं होतं मंग, कोनाले न सांगता."

"गेलो होतो. दोनदा. खालून बुजत नाही ते, पानी ढकलून देते; तुले माहीत हाय. वरून पाय पाहिजे." पुंडलिकने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. "तू चावडीत म्हटलं ना, पानी यानं सोडलं. बाकीच्याईले मी खोटं हाय म्हटलं असतं. तुले म्हनता आलं नाही."

अंबादासला राग यायला हवा होता, आणि तो शोधत होता, सापडत नव्हता. अडीच एकरांतला निम्मा गहू त्या उघडलेल्या आणि मिटलेल्या तोंडात गेला होता. पण ते तोंड ज्या कारणाने मिटले, ते कारण त्याला या खोलीत आल्यापासून, बहुधा त्याच्या आधीपासून, माहीत होते.

"एक विचारू का?" पुंडलिक म्हणाला. "उद्या सांगतलं तर तार पुन्हा कापशील तू?"

अंबादासला नाही म्हणता आले असते. अंजनीने सूप खाली ठेवले होते. ती ऐकत होती. त्या दोघांशी तो आजवर एकदाच, चावडीत, खोटे वागला होता, आणि तेही त्याला ते खरे वाटत असताना.

"कापीन," तो म्हणाला.

"अच्छा," पुंडलिक म्हणाला. त्यात राग नव्हता. "मी बी उद्या कारखान्यात जाईन. पेट्या भरतो मी. त्या कुठं जातेत, कोनावर पडतेत, मले माहीत नाही. शालिग्राम ज्या बाजूले असन, त्या बाजूच्या असोत, एवढंच."

अंजनीने जेवून जा म्हटले. अंबादास जेवला. जेवताना गावच्या बैलांबद्दल आणि श्यामसुंदरबद्दल बोलणे झाले, जसे कोणाही गावच्या माणसाशी होते. निघताना पुंडलिक चाळीच्या टोकापर्यंत आला आणि तिथून परतला. गावी येण्याचे कोणी पुन्हा काढले नाही. त्यानंतर ते भेटले नाहीत.

घरी पोचल्यावर नर्मदेने विचारले तेव्हा अंबादासने तिला सारे क्रमाने सांगितले, आणि ते एवढेच होते. पाणी खेकड्याच्या बिळातून गेले. असे बीळ त्या बांधात दरवर्षी होते आणि दरवर्षी दोघे मिळून ते बुजवत. त्या वर्षी जो वरून बुजवू शकत होता त्याला ते दिसले नाही, कारण त्याने पलीकडे कोणाला बोलावले नव्हते. आणि ज्याला ते दिसले त्याने हाक मारली नाही.